वीज कोण खातो?
घरातील टीव्ही व गाण्याच्या यंत्रांचा वीजखर्च : मोजून पाहिलेली एक हकीकत

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात कोरपना येथील एका सहायक शिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात 'विद्यार्थी आणि शिस्त' या विषयावर मी बोलावे असे ठरले होते. परंतु शिस्तीवर आपण दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी विसरतो. म्हणून अध्यक्ष महोदयांची परवानगी घेऊन मी एक लहानसा विषय निवडला आहे. आपल्या घरातला टीव्ही, त्याच्याजवळची सेट-टॉप बॉक्सची पेटी, गाण्याचे होम थिएटर, ही यंत्रे किती वीज खातात आणि ती वीज आपल्याला स्वतः कशी मोजता येते, हा तो विषय होय. विषय ऐकून काही मंडळींना हसू येईल. ज्याचे बिल त्यानेच भरायचे, त्यात भाषण कशाला, असेही वाटेल. शिवाय मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकवतो. गणिताची व माझी दोस्ती मॅट्रिकनंतर तुटली ती तुटलीच. तरीही हा विषय घेतला, याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती चूक आपल्यासमोर कबूल करावी आणि तीतून जे शिकलो ते सांगावे, एवढाच माझा हेतू.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. पालकसभा संपली होती. एक पालक, सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारे, विजेचे बिल हातात घेऊन माझ्यापाशी आले. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, दहावीत होती. म्हणाले, "सर, आमचं बिल पंच्याण्णव युनिटच्या आसपास असायचं. दोन महिन्यांपासून एकशे सोळा येऊन राहिलं. घरात करंट खातो तरी कोण?" मी घाईत होतो. फार विचार न करता म्हणालो, "भाई, रात्री उशिरापर्यंत लाइट आणि टीव्ही चालू राहत असतील. ते कमी करा." माझ्यासाठी ती बोलण्याची रीत होती. त्यांच्यासाठी ते गुरुजींचे वचन होते.

तीन आठवडे गेले. मुलीची वही अपुरी येऊ लागली. सराव परीक्षेत भूगोलाचा पेपर निम्मा कोरा. मी रागावलो. ती काही बोलेना. शेवटी तिच्या मैत्रिणीने सांगितले, "सर, तिच्या घरी नऊ वाजता लाइट बंद करतात. बिल जास्त येते म्हणून. तुम्हीच सांगितलं ना तिच्या अब्बांना?"

मित्रहो, मी खाली मान घातली. मी ज्या गोष्टीचे मोजमाप केलेले नव्हते तिच्यावर निकाल देऊन मोकळा झालो होतो. आणि त्या निकालाची शिक्षा कोणाला झाली? घरात जिचा आवाज सर्वांत लहान होता तिला.

त्याच रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. बरोबर शाळेतले एक विद्यार्थ्यांचे घड्याळ, वही आणि पेन्सिल नेली. दुसरे काही लागत नाही. आता हे मोजमाप कसे केले ते सांगतो, कारण आज येथून जाताना प्रत्येकाने ते शिकून जावे अशी माझी इच्छा आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. यंत्र कोणत्या वेगाने वीज घेते, ते वॉटमध्ये सांगतात. एकूण किती घेतली, ते युनिटमध्ये. हजार वॉटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट होते. शंभर वॉटचे यंत्र दहा तास चालले तरी एकच युनिट. नळाची धार जाड की बारीक, हे वॉट. आणि बादली किती भरली, हे युनिट. बारीक धारही रात्रंदिवस चालू राहिली तर हौद भरतो, एवढे लक्षात ठेवा. माझे पुढचे सारे भाषण या एका वाक्यात आहे.

आपल्या घराबाहेरच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. आपण तो रोज पाहतो आणि सोडून देतो. तो लुकलुकणे म्हणजे वीज मोजल्याची खूण आहे. मीटरवर एक आकडा इंग्रजी अक्षरांसह छापलेला असतो. बऱ्याच मीटरांवर तो ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा ६४०० असतो. ३२०० चा अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट झाले. म्हणून ज्या यंत्राची वीज मोजायची तेवढेच चालू ठेवायचे, बाकी घर बंद करायचे आणि दिव्याच्या दोन लुकलुकण्यांत किती सेकंद गेले ते पाहायचे. ३२०० च्या मीटरसाठी ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॉट मिळतात. १६०० च्या मीटरसाठी २२५० घ्यावेत. हे आकडे कोठून आले? एका तासाचे सेकंद ३६००, एका युनिटचे वॉट-तास १०००. त्यांचा गुणाकार ३६ लाख. त्याला मीटरवरच्या आकड्याने भागा. सातवीतला मुलगा करू शकेल.

यात काही पथ्ये आहेत. घरात इन्व्हर्टर असेल तर तो बंद करावा, नाहीतर बॅटरीचा भार मध्ये येतो. फ्रिजचा प्लग काढून ठेवावा, कारण तो मध्येच सुरू होतो. सर्व बंद केल्यावर दिवा लुकलुकत नाही याची आधी खात्री करावी. लुकलुकत असेल तर कोठेतरी काहीतरी चालू आहे, किंवा वायरिंगमध्ये दोष आहे, आणि मग जाणत्या वायरमनला बोलावणे बरे. एका लुकलुकण्यावर भरवसा ठेवू नये. पाच किंवा दहा मोजून सरासरी काढावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: मीटरला, त्याच्या सीलला किंवा तारांना हात लावायचा नाही. आपल्याला फक्त पाहायचे आहे. विद्यार्थ्यांनी हे काम वडीलधाऱ्यांना सांगूनच करावे.

तर त्या रविवारी मुलगी मीटरजवळ उभी राहिली. मी घड्याळ घेतले. तिचे अब्बा बोर्डाजवळ, आणि तिचा मोठा भाऊ प्रत्येक यंत्राची वकिली करायला तयार.

प्रथम आरोपी म्हणून तिच्या अभ्यासाचा लाइट घेतला. साधी एलईडी नळी. दिवा लुकलुकला, आणि पुन्हा लुकलुकायला ५६ सेकंद लागले. ११२५ भागिले ५६, म्हणजे २० वॉट. ती रात्री चार तास वाचत असे. चार तासांचे ८० वॉट-तास, महिन्याचे २.४ युनिट. अडीच युनिटसुद्धा नाही!

मग मोठ्या खोलीतला बत्तीस इंची टीव्ही घेतला. दहा लुकलुकण्यांना २२५ सेकंद. म्हणजे ५० वॉट. घरात तो दिवसाला पाच तास चालत असे, महिन्याचे ७.५ युनिट. येथे एक गंमत कळली. टीव्हीचे चित्र दुकानात असते तसेच झगझगीत ठेवलेले होते. भावाने रिमोटने उजेड कमी करून घरगुती पातळीवर आणला, तेव्हा दहा लुकलुकण्यांना ३०० सेकंद लागले, म्हणजे साडेसदतीस वॉट. चित्र काही वाईट दिसेना. उलट मुलीची अम्मी म्हणाली, "आता डोळ्यांना बरं वाटते."

पुढे सेट-टॉप बॉक्स. टीव्ही बंद, पेटी तेवढी चालू. पाच लुकलुकण्यांना ५६२ सेकंद, म्हणजे १० वॉट. मग रिमोटचे लाल बटण दाबून ती 'बंद' केली. पाच लुकलुकण्यांना ६२५ सेकंद. ९ वॉट! तिच्या अब्बांनी मला तीनदा विचारले, "सर, बंद केल्यावर?" होय, बंद केल्यावर. आपण समजतो पेटी झोपली. ती फक्त डोळे मिटून बसलेली असते. दिवसाचे पाच तास जागी आणि एकोणीस तास अशी. महिन्याचे साडेसहा युनिटांहून थोडे जास्त.

आता होम थिएटर. भावाने नुकतेच हौसेने आणले होते. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॉटचा आकडा छापलेला. तिच्या अब्बांना वाटत होते की खरा चोर हाच, आणि भाऊ घाबरला होता. जोरात गाणे लावून मोजले. दहा लुकलुकण्यांना २५० सेकंद, म्हणजे अवघे ४५ वॉट. खोक्यावरचे हजारो वॉट ही विक्रीची भाषा असते. क्षणभराच्या धमाक्याचा कल्पित आकडा. मीटर त्या भाषेला फसत नाही. भावाने सुटकेचा श्वास टाकला. पण मी म्हणालो, थांब, गाणे बंद कर आणि यंत्र तसेच राहू दे. घरात नेहमी तसेच राहत असे, निळा दिवा लावून. पाच लुकलुकण्यांना ३७५ सेकंद. १५ वॉट. गाणे दिवसाला एक तास. उरलेले तेवीस तास हे असे मुके. हिशेब केला. गाण्याचे महिन्याला १.३५ युनिट आणि मुकेपणाचे १०.३५ युनिट.

आतल्या खोलीत दादींसाठी जुना एकवीस इंची फुगीर काचेचा टीव्ही त्याच सुमारास कोणाकडून घेतलेला होता. दहा लुकलुकण्यांना १५० सेकंद, ७५ वॉट. दादी दिवसाला तीन तास पाहत. महिन्याचे पावणेसात युनिट. शेवटी वाय-फायची लहान पेटी. ६ वॉट, परंतु चोवीस तास. महिन्याचे सव्वाचार युनिट. आणि मोबाइलचे चार चार्जर, फोन न लावता, एकदम चालू करून दहा मिनिटे बसलो. दिवा लुकलुकला नाही. इतका थोडा भार मीटर टिपतच नाही. चार्जर काढून ठेवणे सुरक्षिततेसाठी चांगलेच, पण बिल त्याने वाढते म्हणून घरात भांडण करू नये.

आता गुन्हेगार कोण ते पाहा. बिल २१ युनिटांनी वाढले होते. होम थिएटरचे ११.७, दादींच्या टीव्हीचे ६.७५ आणि अभ्यासाच्या लाइटचे २.४. बेरीज २०.८५. तिन्ही गोष्टी घरात एकाच सुमारास सुरू झाल्या होत्या. त्यांतून शिक्षा झाली ती सर्वांत कमी खाणाऱ्याला. आणि पेटी व होम थिएटर यांनी 'बंद' अवस्थेत महिन्याला खाल्लेली वीज साडेपंधरा युनिट भरली. मुलीच्या अभ्यासाच्या सहापट! ज्या विजेने कोणी काही पाहिले नाही, कोणी काही ऐकले नाही, ती एका मुलीच्या दहावीपेक्षा सहापट महाग पडली होती.

कोणी म्हणेल, साडेपंधरा युनिट म्हणजे काय मोठे? येथे बिलाची रचना समजली पाहिजे. आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे आहेत. पहिला शंभर युनिटपर्यंत, दुसरा १०१ ते ३००, तिसरा ३०१ ते ५००, आणि पुढे चौथा. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून रुपये-पैसे सांगत नाही. पण अलीकडच्या वर्षांत दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट राहिला आहे. शंभर ओलांडले की सगळीच युनिटे महाग होतात असा काहींचा समज आहे. तो बरोबर नाही. शंभराच्या वर गेलेली तेवढीच महाग होतात. पण म्हणूनच तर वाया गेलेली युनिटे जास्त बोचतात. आपण जेव्हा वीज वाचवतो तेव्हा ती खालून नव्हे, वरून कमी होते. त्या घराचे ११६ पैकी वरचे सोळा युनिट दुप्पट दराचे होते. आणि 'बंद' यंत्रांनी खाल्लेले जवळपास तेवढेच होते.

त्यांनी केले ते इतकेच. होम थिएटर व सेट-टॉप बॉक्स यांना एका बटणाच्या बोर्डावर आणले, आणि पाहून झाले की ते बटण बंद करण्याची जबाबदारी भावाने घेतली. टीव्हीचा उजेड कमी ठेवला. दादींचा टीव्ही तसाच राहिला. तिच्या अब्बांनी तोही बंद करण्याची गोष्ट काढली होती, पण मुलगीच म्हणाली, "अब्बा, दादीचा वेळ जायला दुसरं काय आहे?" मला ते वाक्य फार आवडले. मोजमाप हे फक्त तोडण्यासाठी नसते. काय ठेवायचे तेही त्यातून ठरते. पुढच्या महिन्याचे बिल ९९ युनिटचे आले. अभ्यासाचा लाइट रात्री बारापर्यंत जळत असतानाही.

मी तिच्या अब्बांची माफी मागितली, मुलीच्या समोर. ते म्हणाले, "सर, तुम्ही कशाला?" पण मागितली. मुलगी उत्तीर्ण झाली. पण ते तीन आठवडे तिला परत देता आले नाहीत, ही रुखरुख आहेच.

या प्रकारानंतर शाळेत मुलांना छंद लागला. त्यांपैकी एकाचा मोठा भाऊ आयटीआयला वीजतंत्रीचे काम शिकत होता. त्याने आमच्या आकड्यांना आव्हान दिले. त्याने शिकण्याच्या कार्यशाळेत चिमट्यासारख्या मीटरने अशाच टीव्हीचा प्रवाह मोजला. तो ०.४ अँपिअर भरला. त्याला २३० व्होल्टने गुणले की ९२ येतात. "सर, तुमचे ५० वॉट चूक आहेत." मी गांगरलो, मग आम्ही त्याच्या शिक्षकांकडे गेलो. त्यांनी समजावले की दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. टीव्हीच्या पोटातली यंत्रणा प्रवाह सारखा घेत नाही. लाटेच्या माथ्यावर झटके देऊन घेते. अशा यंत्रात व्होल्ट आणि अँपिअर यांचा नुसता गुणाकार खऱ्या खर्चाहून जास्त येतो. खऱ्या खर्चाचे या गुणाकाराशी जे प्रमाण, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. घराचे मीटर खरे वॉटच मोजते, आणि आपले घरगुती बिलही त्यावरच असते. तेव्हा कोणी अँपिअर दाखवून भीती घातली तर गोंधळू नका. त्या मुलाच्या आव्हानामुळे मी एक गोष्ट नव्याने शिकलो, आणि आव्हान देणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसवू नये, हेही शिकलो.

मित्रहो, असे मोजमाप करणारे आपण एकटे नाही. जगातले मोठमोठे तज्ज्ञ याच प्रश्नावर बसलेले आहेत. जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग म्हणून संस्था आहे, १९०६ साली स्थापन झालेली. टीव्ही व गाण्याची यंत्रे यांचा वीजखर्च कसा मोजावा, याचे एक प्रमाण तिने ठरवले आहे. त्याचा क्रमांक ६२०८७. पूर्वी पडद्यावर ठरावीक स्थिर चित्र लावून मोजत असत. परंतु नव्या पडद्यांचा खर्च चित्र उजळ की काळोखे यावर कमी-जास्त होतो. म्हणून २००८ सालच्या आवृत्तीत दहा मिनिटांचा एक ठरावीक चित्रपट तयार केला गेला, ज्यात निरनिराळ्या प्रकारची दृश्ये आहेत. तो लावून सर्व कंपन्यांचे टीव्ही मोजायचे, म्हणजे तुलना न्याय्य होते. एका तराजूत सर्वांना तोलायचे, हाच तो विचार. आपणही घरी मोजताना एकाच वाहिनीवर एकदम निष्कर्ष काढू नये, बातम्या, मालिका असे थोडे थोडे पाहून मोजावे, ते यासाठीच.

'बंद' असताना खर्च होणाऱ्या विजेकडे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे ॲलन मायर यांनी १९९० च्या दशकात लक्ष वेधले. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने अशी हाक दिली की कोणतेही यंत्र झोपलेल्या अवस्थेत एका वॉटपेक्षा जास्त घेऊ नये. युरोपीय संघाने बहुतेक साध्या यंत्रांसाठी २०१० पासून एक वॉटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा कायद्याने घातली. आपल्या देशात २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला, त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरो २००२ साली स्थापन झाला आणि २००६ पासून यंत्रांवर ताऱ्यांची चिठ्ठी लागू लागली. टीव्ही घ्यायला जाल तेव्हा पडद्याचे इंच विचारता, तसे त्या चिठ्ठीवरचे वर्षाचे युनिटही वाचा. नव्या टीव्हीची झोपेतली वीज आता बहुधा फारच थोडी असते. आपल्या घरातले चोर हे बहुतेक जुन्या पेट्या आणि स्वस्तातली गाण्याची यंत्रे आहेत. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संपूर्ण बिलात टीव्ही-गाणे यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होता. उन्हाळ्यात कूलर लागला की तो हिस्सा आणखी लहान होतो. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट घेतो आणि आपल्या उन्हाळ्यात तो रात्रंदिवस फिरतो. तेव्हा टीव्ही विकून टाका असा माझा उपदेश नाही. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली' मालिकेने हाच टीव्ही मुलांचा वर्ग झाला होता, हे आपण विसरू नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या जिल्ह्याचा आहे. इतर जिल्ह्यांतल्या लोकांना वीज म्हणजे भिंतीतले बटण. आपल्याला ती कोठून येते ते डोळ्यांनी दिसते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज जुने दोन संच निवृत्त झाल्यावरही त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. इरई धरणाचे पाणी आणि आपल्याच भूमीतला कोळसा त्याला लागतो. १९९९ साली चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाबाची खास वाहिनी सुरू झाली. म्हणजे येथला कोळसा जळतो आणि तेथले दिवेही लागतात. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच कोळशाची राख, धूळ आपल्या वाट्याला येते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरचे नाव घातले, हेही खरे आहे.

औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. त्या एका घरातल्या साडेपंधरा युनिटांना महिन्याला जवळजवळ अकरा किलो. समजा, आपल्या तालुक्यात अशी हजार घरे असतील. मग महिन्याला अकरा टनांच्या घरात कोळसा. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की आपण नाकाला रुमाल लावतो. त्यांपैकी एक ट्रक केवळ आपल्या मुक्या यंत्रांसाठी जात असेल, असा विचार कधी केला आहे काय? आपल्या घरात पाण्याचा नळ वाहता राहिला तर बुजुर्ग 'इसराफ' म्हणून टोकतात. विजेचा नळ वाहताना आवाज होत नाही, एवढाच फरक.

पालक मंडळींना माझी विनंती एवढीच आहे. बिल वाढले की आधी घरातल्या माणसांकडे बोट दाखवू नका, मीटरकडे चला. बरोबर मुलाला किंवा मुलीला घ्या. अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासात मूल भागाकार शिकेल, सरासरी शिकेल, आणि आपला बाप अंदाजाने नव्हे तर तपासून बोलतो हेही शिकेल. हा शेवटचा धडा आम्हां शिक्षकांना पुस्तकातून देता येत नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एक काम देतो. घरी एक वही घाला. प्रत्येक यंत्राचे नाव, चालू असतानाचे वॉट, 'बंद' असतानाचे वॉट, रोजचे तास आणि महिन्याचे युनिट, असे पाच रकाने पाडा. बेरीज बिलाशी ताडून पाहा. जमली नाही तर लाजू नका. न जमलेली बेरीज हीच शोधाची सुरुवात असते. कदाचित असे निघेल की तुमचाच लाडका खेळ किंवा तुमचेच होम थिएटर दोषी आहे. तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा. दुसऱ्याचे मोजायचे आणि आपले झाकायचे, याला मोजमाप म्हणत नाहीत.

अंदाज हा फार स्वस्त असतो, म्हणून तो कोणीही करतो. पण घरात अंदाजाची काठी उगारली की ती बहुधा सर्वांत दुबळ्याच्या पाठीवर पडते. कधी शिकणाऱ्या मुलीच्या, कधी म्हाताऱ्या दादीच्या. मीटरच्या त्या लाल दिव्याला लहान-मोठा, कमावता-न कमावता कळत नाही. तो सर्वांचे सारखेच मोजतो. आपणही निकाल देण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा पाहावे. मी पाहिले नाही, म्हणून एका मुलीचे तीन आठवडे अंधारात गेले. तुमच्या घरी तसे न होवो.